मूळ किल्ली

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे.)



संयोजकांचा फोन आला, "तू तिकडे अमेरिकेत काय करतेस त्यावर वीस मिनिटं बोल." मी ऑफिसात दिवसभर काय करते ते खरंच सांगायला लागले, तर पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरचे उठून चहाला जातील. दहावीतही ते तेच करायचे. म्हणून मी ऑफिसचं काही सांगणार नाही. मी आज किल्ल्यांबद्दल बोलणार आहे. घराच्या, साध्या, पितळेच्या किल्ल्या. गेली काही वर्षं मी फावल्या वेळात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एका छोट्या यंत्रावर किल्ल्या कापते. छंद म्हणा, खूळ म्हणा. घरी दुसरा शब्द वापरतात.

पण त्याची सुरुवात इथेच, सांगलीत झाली. एसटी स्टँडच्या जवळ किल्लीवाल्या काकांचं दुकान होतं, ते आठवतं ना? दुकान कसलं, एक लाकडी टपरी. वर तारेला ओवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या लटकत असायच्या. आपल्याच वर्गातल्या एकाचे ते वडील. तो आज समोर बसला आहे, त्याला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून नाव घेत नाही.

मी सातवीत असताना घराची किल्ली हरवली. आई नोकरीवर, बाबा बाहेरगावी. शेजारच्या काकूंकडे आमची एक किल्ली असायची. ती घेऊन मी काकांकडे धावले. म्हटलं, आई यायच्या आत डुप्लिकेट करून घ्यावी, म्हणजे बोलणी बसणार नाहीत. काकांनी किल्ली हातात घेतली, नखानं तिच्या खाचा चाचपल्या आणि दोन गोष्टी म्हणाले.

पहिली : "ही नकलेची नक्कल आहे. मूळ किल्ली आण."

दुसरी : "घर कोणाचं? आईला घेऊन ये."

मला भयंकर राग आला. काका मला ओळखत होते. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात. तरी किल्ली करून दिली नाही. संध्याकाळी आईबरोबर गेले, तेव्हा त्यांनी आईच्या पर्समधली जुनी किल्ली मागून घेतली, तिच्यावरून नवी केली आणि एका लांबट वहीत आईचं नाव, पत्ता, तारीख लिहून घेतली. मला बोलणी बसायची ती बसलीच.

काकांची ही दोन वाक्यं मी पुढे एकेकदा विसरले. दोन्ही वेळा त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली. तेच आज सांगायचं आहे.

दहावी झाली १९९६ला. पुढे इथेच वालचंदला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, लग्न आणि नंतर ओहायो राज्यातलं कोलंबस. तिथे घर घेतलं तेव्हा दाराच्या दोन किल्ल्या मिळाल्या. त्यातली एक नवऱ्याकडे. दुसरी पहिल्याच वर्षी कुठेतरी पडली. मग नवऱ्याच्या किल्लीवरून मी माझी करून घेतली. मुलगी मोठी झाली तेव्हा माझ्या किल्लीवरून तिची केली. तिकडे मोठ्या दुकानांमध्ये किल्ली कापायचं यंत्र असतं. चार-पाच डॉलर टाकले की दोन मिनिटांत किल्ली हातात.

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच एकटी आमच्याकडे आली, हिवाळ्यात. तिच्यासाठी मी मुलीच्या किल्लीवरून आणखी एक किल्ली केली. लाल दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली. म्हटलं, "आई, आता तू मोकळी. कधीही बाहेर जा, कधीही ये."

डिसेंबरमधली एक सकाळ. आम्ही तिघंही बाहेर गेलेलो. आई अंगणाच्या टोकाला असलेल्या पेटीतून टपाल आणायला गेली. साडीवर स्वेटर, पायात मोजे आणि चपला. मागे दार लागलं. तापमान उणे आठ. आईनं किल्ली लावली. किल्ली आत गेली, पण फिरेना. फोन घरात. ती चाळीस मिनिटं बाहेर उभी होती. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि तिला आपल्या घरात नेलं, म्हणून बरं. मी पोचले तेव्हा तिचे हात त्या बाईंच्या दोन्ही हातांत होते. अजून बोटं वळत नव्हती.

मी तीच किल्ली घेतली, दाराला लावली आणि दार उघडलं. का? कारण मला झटका माहीत होता. किल्ली पूर्ण आत घालायची, केसभर मागे ओढायची, जरा वर उचलायची आणि फिरवायची. हे मी रोज करत होते आणि करते आहे हे माझ्या लक्षातसुद्धा आलेलं नव्हतं. आईला कोण सांगणार?

आई म्हणाली, "माझ्याच हाताला जमलं नसेल गं." त्यानंतर ती एकटी घराबाहेर पडली नाही. तिकीट बदलून महिनाभर आधीच परत गेली.

त्या रात्री मी चारही किल्ल्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि व्हर्निअर कॅलिपर काढला. हा कॅलिपर शब्द आला की मला आपली प्रयोगशाळा दिसते. साठ मुलं आणि कॅलिपर एक. आपल्या विज्ञानाच्या सरांचं एकच सांगणं असायचं : "मोजण्याआधी शून्य बघा. शून्यच चुकलं तर पुढचं सगळं तुम्ही बरोबर मोजून चुकवाल."

आता थोडं कुलपाच्या आतलं सांगते. घाबरू नका, परीक्षा नाही. आपल्याकडच्या पुष्कळ कुलपांत लिव्हर असतात. 'सात लिव्हरचं कुलूप' आपण म्हणतो ते तेच. अमेरिकेत घरांच्या दारांना मुख्यतः पिनांचं कुलूप असतं. मूळ कल्पना फार जुनी, प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी पिनांची कुलपं होती. आज आपण वापरतो तो सुटसुटीत प्रकार लायनस येल नावाच्या अमेरिकन माणसानं बसवला. त्याची पेटंटं १८६१ आणि १८६५ची आहेत. आत एक फिरणारा दंडगोल असतो. त्यात ओळीनं पाच भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना, वरून स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरच्या पिना खाली उतरून दंडगोल अडवून धरतात. बरोबर किल्ली आत गेली की तिच्या पाच खाचा खालच्या पिनांना बरोबर तेवढंच उचलतात, की दोन पिनांमधली फट दंडगोलाच्या कडेला येते. पाचही फटी एका रेषेत आल्या की दंडगोल फिरतो. एक जरी वर-खाली राहिली तर नाही.

म्हणजे किल्ली हे खरं तर पाच खोल्यांचं मोजमाप आहे. माझ्या दाराचं कुलूप श्लेग कंपनीचं. तिच्या या नेहमीच्या किल्लीत प्रत्येक खाच शून्य ते नऊ अशा दहा ठरावीक खोल्यांपैकी एक असते. पातं उंच राहिलं, साडेआठ मिलिमीटर, म्हणजे शून्य. सगळ्यात खोल खाच, खाली पाच मिलिमीटर उरलेलं, म्हणजे नऊ. एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत फरक ०.३८१ मिलिमीटर. पहिली खाच किल्लीच्या खांद्यापासून ५.८७ मिलिमीटरवर आणि पुढची प्रत्येक त्याच्यापुढे ३.९७वर. खांदा म्हणजे कुलपावर टेकून किल्लीला थांबवणारा भाग. बस्स. हे माप ठरलेलं. मग तुमच्या दाराची किल्ली म्हणजे फक्त पाच आकडे. समजा ४-७-२-५-३. नव्या कुलपाच्या किल्लीवर किंवा सोबतच्या चिठ्ठीवर पुष्कळदा हे आकडे असतात. काही कंपन्या थेट खोल्या न छापता वेगळाच नंबर देतात आणि त्याचा तक्ता कुलूपवाल्यांकडे असतो. यालाच म्हणतात किल्लीचा कोड.

माझ्या टेबलावरच्या चार किल्ल्यांत काय दिसलं? नवऱ्याची मूळ किल्ली दहा वर्षं वापरून गुळगुळीत झाली होती, पण माप अजून धरून होती. माझी पाच शतांश मिलिमीटरनं चुकलेली. मुलीची एक दशांशानं. आईची तिसऱ्या खाचेत दोन दशांशांनी, शिवाय सगळ्या खाचा खांद्यापासून थोड्या सरकलेल्या. म्हणून तर तो 'मागे ओढायचा' झटका. दोन दशांश म्हणजे ०.३८१च्या निम्म्याहून जास्त. म्हणजे ती खाच आता तिच्या आकड्यापेक्षा शेजारच्या आकड्याला जवळची झाली होती. ती किल्ली धड आमच्या दाराचीही राहिली नव्हती.

यात दुकानातल्या यंत्राचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. नक्कल करणारं यंत्र समोरची किल्ली जशी आहे तशी चाचपतं आणि तशी कापतं. तिची झीज, आधीच्या नकलेतली चूक आणि वर आपली एक बारीकशी चूक. त्याला मूळ माहीतच नाही. काका सातवीतल्या पोरीला हेच सांगत होते. त्यांनी नखानं ओळखलं होतं. मला इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन, चाळिशी गाठून, आईला थंडीत उभं करून ते कळलं.

कोडवरून किल्ली कापणं याच्या उलट आहे. त्यात समोर किल्ली लागतच नाही. आकडे वाचायचे, तक्त्यातलं माप घ्यायचं, कोऱ्या किल्लीवर नेमकं कापायचं. झिजलेली किल्ली मोजली, तरी प्रत्येक खाच कुठल्या आकड्याच्या सगळ्यात जवळ आहे ते कळतं. मग झिजलेलं माप सोडून द्यायचं आणि आकड्याचं खरं माप कापायचं. नव्वद वर्षांच्या आजीकडून तिच्या लग्नाच्या दिवसाची किल्ली परत मिळावी तसं. कुलूपवाले हे कितीतरी वर्षं करत आले आहेत, मी काही शोध लावलेला नाही. मला फक्त ते माझ्या हातानं करायचं होतं.

मी हातानं चालवायचं एक जुनं किल्लीचं यंत्र विकत घेतलं. नक्कल चाचपणारी बाजू काढून टाकली. किल्ली धरणाऱ्या शिकंज्याला दोन स्टेपर मोटरी बसवल्या, एक किल्लीच्या लांबीच्या दिशेनं सरकवायला, दुसरी कटरकडे न्यायला. मोटर एका फेऱ्याची दोनशे पावलं टाकते आणि तिचं नियंत्रण करणारं सर्किट त्या प्रत्येक पावलाचे सोळा भाग पाडतं. माझ्या स्क्रूच्या एका फेऱ्यात शिकंजा आठ मिलिमीटर सरकतो. भागाकार तुम्ही करा, बाई समोर बसल्या आहेत. कागदावर अडीच हजारांश मिलिमीटरपर्यंत अचूकता येते. हे सगळं हलवायला आर्डुइनोचा छोटा बोर्ड. आणि माझा प्रोग्राम : पाच आकडे टाका, तो यंत्राला कळणाऱ्या हुकमांची यादी करून देतो. शेजारशेजारच्या दोन आकड्यांत सातपेक्षा जास्त फरक असेल तर तो नाही म्हणतो, कारण खोल खाचेचा उतार शेजारची खाच खाऊन टाकतो.

कागदावर सगळं छान होतं. आता फजिती ऐका.

पहिल्या किल्लीला मी तक्त्यातली मापं इंचात दिली आणि यंत्राला सांगून ठेवलं होतं मिलिमीटर. खांद्यापासून ०.२३१ इंचावर पहिली खाच, खाली साधारण पाव इंच पातं उरवायचं. यंत्रानं वाचलं ०.२३१ मिलिमीटर आणि पाव मिलिमीटर. त्यानं इमानदारीत खांद्याजवळून पातंच तोडून टाकलं. वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईची ही पहिली किल्ली.

नंतरच्या किल्ल्या दिसायला सुंदर, पण सगळ्या खाचा जरा जास्तच खोल. दोन रात्री मी प्रोग्राम तपासला. चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच. शिकंज्याच्या तळाशी पितळेचा एवढासा कीस अडकला होता आणि किल्ली त्याच्यावर बसत होती. शून्यच वर उचललेलं. सर, मी रात्री दीड वाजता गॅरेजमध्ये एकटीच तुमचं नाव घेऊन हसले. आता दर किल्लीआधी ब्रशनं शिकंजा झाडते आणि शून्य बघते.

मग स्क्रूतली ढिलाई. दिशा बदलली की मोटर फिरते, पण शिकंजा क्षणभर जागचा हलत नाही. त्यावर उपाय असा की प्रत्येक खाचेकडे नेहमी एकाच बाजूनं जायचं. जरा पुढे निघून मागे येण्यापेक्षा आधीच मागे थांबून पुढे जायचं.

अकराव्या किल्लीनं दार उघडलं. झटका नाही, ओढाताण नाही. लोण्यात सुरी फिरावी तसं. मी दहा वेळा दार उघडलं आणि दहा वेळा लावलं. मुलीनं जिन्यावरून विचारलं, "आई, कोणी आलंय का?"

पहिलं वाक्य मी असं फेडलं. आता दुसऱ्याकडे येते. हे सांगायला सोपं नाही, आणि सांगावं की नाही याचा मी विमानात बसेपर्यंत विचार करत होते.

तिथल्या मराठी मंडळींत माझ्या यंत्राची बातमी पसरली. दिवाळीच्या कार्यक्रमाला लोक फराळाबरोबर किल्ल्या घेऊन यायला लागले. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? कोणाची अडकणारी किल्ली घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात लख्ख नवी द्यायची. पैसे घेत नव्हते, कौतुक घेत होते.

एके दिवशी ओळखीतल्या एका गृहस्थांचा निरोप आला. "आमची एक किल्ली हरवली, एकच उरली आहे. फोटो पाठवतो, त्यावरून जमेल का?" फोटोत हुकाला लटकलेली किल्ली होती. फोटोवरून किल्ली करता येते हे मला वाचून माहीत होतं. २००८ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी गच्चीवरून, १९५ फुटांवरून, खाली टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचा फोटो काढून त्यातून कोड काढून दाखवला होता. अमेरिकेत विमानतळावर बॅगांची कुलपं उघडायला सुरक्षा कर्मचाऱ्यांकडे ज्या खास किल्ल्या असतात, त्यांचा फोटो वर्तमानपत्रात छापला गेला, आणि २०१५मध्ये लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर तशाच किल्ल्या काढल्या. हे सगळं मला माहीत होतं. आणि माझ्या मनात त्या क्षणी काय आलं? मला जमेल का?

जमलं. कोऱ्या पात्याची रुंदी माहीत असते, तेवढी पट्टी पुरे. वीस मिनिटांत पाच आकडे निघाले, पुढच्या पाच मिनिटांत किल्ली. मी खूश. त्यांना कळवलं, तयार आहे, सवडीनं या.

तीन दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी ते आले. चहा घेतला. मी किल्ली आणायला उठले तेव्हा म्हणाले, "हिला मात्र यातलं काही बोलू नका."

मी तिथेच थांबले. "का?"

मग हळूहळू बाहेर आलं. चार महिन्यांपासून ते दोघं वेगळे राहत होते. घरात ती आणि मुलं. तिनं कुलूप बदलून घेतलं होतं. मुलांना फिरायला न्यायला गेले असताना त्यांनी स्वयंपाकघरातल्या हुकावरच्या किल्लीचा फोटो काढला होता. म्हणाले, माझ्या वडिलांची कागदपत्रं आहेत त्या घरात, माझ्या लहानपणचे फोटो आहेत, ती फोन उचलत नाही. ते रडत होते. खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. वाईट माणूस आहेत असंही मी म्हणणार नाही. पण किल्ली त्यांच्या घराची नव्हती.

किल्ली मी दिली नाही. ते चिडले. "तुम्हीच करून दिली ना? मग आता काय झालं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ते बरोबर बोलत होते. हा प्रश्न मी किल्ली कापायच्या आधी विचारायचा होता. काकांनी सातवीतल्या ओळखीच्या मुलीला तो विचारला होता. मी विचारला नाही, कारण मला यंत्राचं कौतुक होतं. आणि यंत्र काही विचारत नाही. त्याला पाच आकडे दिले की ते कापतं. त्याला घर नसतं, त्यात राहणारं माणूस नसतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बायकोला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं एकच विचारलं, "माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे होती? किती दिवस?"

"तीन."

त्याच दिवशी दुपारी जाऊन मी तिच्या कुलपातल्या पिना बदलल्या, नव्या आकड्यांची किल्ली तिच्यासमोर हाताच्या कानशीनं घासून दिली. यंत्र नेलंच नाही. जुनी किल्ली तिच्यासमोर करवतीनं दोन तुकडे केली. तिनं आभार मानले नाहीत, आणि मानू नयेतच. मंडळाच्या कार्यक्रमात भेटलो तर ती नमस्कार करते, इतकंच. ते गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत असं मला वाटतं.

आता मी फोटोवरून किल्ली करत नाही. कोणी किल्ली घेऊन आलं तर ती हातात घेते आणि दोन प्रश्न विचारते. मूळ किल्ली किंवा कोड आहे का? घर कोणाचं? भाड्याचं असेल तर घरमालकाला विचारलं का? एक वही ठेवली आहे. तिच्यात नाव आणि तारीख लिहिते, कोड मात्र लिहीत नाही आणि कॉम्प्युटरमधूनही पुसून टाकते. नाव आणि आकडे एका जागी ठेवले तर ती वहीच सगळ्यात धोक्याची होईल. काही लोक हसतात, "अहो, आपलीच माणसं, त्यात काय विचारायचं?" आपल्याच माणसांना विचारायचं असतं. चोर माझ्याकडे फराळ घेऊन येत नाही.

काल मी काकांना भेटायला गेले होते. टपरीच्या जागी आता मुलानं गाळा घेतला आहे, गाड्यांच्या रिमोटच्या किल्ल्याही करतो. २०१९च्या पुरात दुकानात पाणी भरलं. किल्ल्या धुऊन, तेल लावून पुन्हा तारेला लावल्या, पण काकांच्या वह्या गेल्या. काका आता घरीच असतात, हात थरथरतात. मी पर्समधून माझ्या यंत्रावरची एक किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरलीसुद्धा नाही. अंगठ्याच्या नखानं एकेक खाच चाचपली, पुन्हा उलट चाचपली.

"माप चांगलं आहे," म्हणाले. मग, "कोणाच्या घराची?"

"माझ्याच, काका."

"बरं," म्हणाले आणि किल्ली परत दिली.

आता चार कामाच्या गोष्टी, म्हणजे वीस मिनिटं अगदीच वाया गेली असं होणार नाही. एक, नव्या कुलपाबरोबर आलेली एक किल्ली कधीच वापरू नका. ती कपाटात ठेवा आणि पुढच्या सगळ्या डुप्लिकेट तिच्यावरूनच करा. दोन, सोबत कोडची चिठ्ठी असेल तर ती किल्लीसारखीच जपा, किल्लीच्या जुडग्यात अडकवू नका. तीन, नवं घर घेतल्यावर हातात किल्ली धरून फोटो काढतो ना आपण, तो आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकताना खाचांवर बोट ठेवा. गेल्या वर्षभरात ग्रुपवर आलेल्या अशा तीन फोटोंवर मी काहीच बोलले नाही, पण ते तिघं मला माहीत आहेत. आणि चार, घरातली एखादी किल्ली तुम्हालाच फिरवता येत असेल, दुसऱ्याला येत नसेल, तर ती आजच बदला. तिच्यावर ज्याला बाहेर उभं राहावं लागेल तो बहुतेक तुमच्या घरातला सगळ्यात अशक्त माणूस असेल.

परवा आल्या आल्या मी आईला आमच्या घराची नवी किल्ली दिली. तिनं चष्मा लावून पाहिली आणि आपल्या जुडग्यात अडकवली, इथल्या घराच्या, कपाटाच्या, देवघराच्या किल्ल्यांबरोबर. पुन्हा कधी येतेस ते मी विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही.

सर, बाई, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत. मागच्या बाकावरचे चहाला गेले नाहीत, याची या स्मरणिकेत नोंद व्हावी ही विनंती.